हिरव्या कागदाची मागची बाजू

लेस्टर, इंग्लंड

इंग्लंडात औषधाच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस नाव विचारतो, पत्ता विचारतो आणि मग एक प्रश्न टाकतो: औषधाचे पैसे तुम्ही भरता, की तुम्हाला माफ आहेत? माफ आहेत म्हटलं तर कारण विचारतो, पुरावा असला तर बघतो, सही घेतो आणि पिशवी पुढे सरकवतो. पुरावा नसला तरी औषध अडत नाही. 'पुरावा पाहिला नाही' या चौकटीत तो फुली मारतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तलाठ्याचा अहवाल नाही, तहसीलदाराचा दाखला नाही, झेरॉक्सचा गठ्ठा नाही. सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे पहिल्यांदा बघताना खरं वाटत नाही.

तपासणी इथेही आहे, फक्त ती नंतर होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी न्यूकॅसलहून एक पाकीट येतं. पाठवणारी संस्था एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा हिशेब बघणारं खातं. पत्रात लिहिलेलं असतं की अमुक महिन्यात तुम्ही फुकट औषध घेतलंत आणि तुमच्या सवलतीची नोंद आम्हाला सापडत नाही. सवलत सिद्ध करता आली नाही तर औषधाचे मूळ पैसे भरायचे, वर त्याच्या पाचपट दंड. दंडाची कमाल मर्यादा १०० पौंड. अठ्ठावीस दिवसांत भरला नाही तर दंडाच्या निम्मी रक्कम आणखी चढू शकते.

हिशेब करून बघा. इंग्लंडात सध्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. मे २०२४ पासून हा दर आहे आणि २०२५ साली तो वाढवला नाही. आपल्या पैशात एका औषधाला अकराशे रुपयांच्या वर. गोळी दोन रुपयांची असो की दोन हजारांची, आकार तोच. समजा दोन औषधं फुकट घेतली आणि हक्क नव्हता, तर मूळचे १९.८० आणि दंडाचे ९९, मिळून ११८.८० पौंड. महिन्याच्या किराण्याचा मोठा भाग त्यात जातो.

हे सगळं लिहायचं कारण दुहेरी आहे. आपल्याकडची मुलं-मुली आता इथे आयटीत आहेत, दवाखान्यांत आहेत, शिकायला येतात, आणि त्यांच्या घरी ही पाकिटं पोचतात. त्यातली थोडीच लबाडीची असतात, बरीचशी अज्ञानाची. दुसरं कारण असं की आधी द्यायचं आणि मागून तपासायचं हा कारभार आता महाराष्ट्रातही सुरू झाला आहे. त्यामुळे इथे तो कसा चालतो, कुठे अडतो, हे माझ्या गावी, उंद्रीत बसलेल्या माणसालाही उपयोगी पडेल.

औषध फुकट असावं की नाही यावर इंग्रज माणूस पाऊणशे वर्षं भांडतो आहे. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा सगळं मोफत होतं: डॉक्टर, शस्त्रक्रिया, चष्मा, कवळी, औषध. लोक तुटून पडले. सेवेचा जनक अन्यूरिन बेव्हन, खाणकामगाराचा मुलगा, औषधांचा हा पूर बघून तोही हबकला. १९४९ साली चिठ्ठीमागे एक शिलिंग घेण्याचा अधिकार सरकारनं कायद्यात करून ठेवला, पण वापरला नाही. १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून अर्थमंत्री गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं. बेव्हननं राजीनामा दिला. त्याच्याबरोबर मंत्रिमंडळातून बाहेर पडलेल्यांत हॅरल्ड विल्सन नावाचा तरुण मंत्री होता. पुढच्या वर्षी, १९५२ च्या जूनमध्ये, नव्या हुजूर पक्षाच्या सरकारनं औषधाच्या चिठ्ठीवर शिलिंग लावलाच.

विल्सनची गोष्ट पुढे फार मजेदार आहे. तो पंतप्रधान झाला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यानं औषधांवरचं शुल्क रद्द केलं. शब्द पाळला म्हणायचं. पण १९६७ च्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं, तिजोरीला भोक पडलं आणि १९६८ च्या जूनमध्ये त्याच विल्सनच्या सरकारनं शुल्क परत आणलं, एका औषधाला अडीच शिलिंग. ज्या प्रश्नावर माणसानं खुर्ची सोडली, त्याच प्रश्नावर खुर्चीत बसून त्याला माघार घ्यावी लागली. मात्र या वेळी त्यानं एक तडजोड केली: म्हातारी माणसं, मुलं, गरोदर बायका, अगदी गरीब आणि काही ठरावीक आजारांचे रुग्ण यांना पैसे माफ. आज डॉक्टरच्या हिरव्या चिठ्ठीच्या मागे ज्या चौकटी दिसतात त्यांचा जन्म त्या तडजोडीत आहे.

डॉक्टरची चिठ्ठी इथे हिरव्या कागदावर छापली जाते. हल्ली बहुतेक चिठ्ठ्या संगणकावरूनच दुकानात जातात, पण सवलत मागायचे नियम तेच राहिले. पुढच्या बाजूला डॉक्टर औषध लिहितो, ती त्याची जबाबदारी. मागच्या बाजूला आपण फुकट का घेतो आहोत ते रुग्णानं सांगायचं आणि सही करायची, ती रुग्णाची. दुकानदार यात मध्ये नाही. तो पुरावा विचारेल, पण हक्क आहे की नाही याचा निवाडा त्यानं करायचा नाही. कुणी चुकीची खूण करत असेल तर त्याचं काम फार तर सावध करण्याचं. नंतर पाकीट येतं ते दुकानदाराला नाही, सही करणाऱ्याला किंवा ज्याच्यासाठी सही झाली त्या रुग्णाला.

आता ती यादी. साठ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला औषध फुकट, मग तो बंगल्यात राहो की झोपडीत. पूर्वी बायकांना साठला आणि पुरुषांना पासष्टला सवलत मिळायची. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयानं हा भेदभाव चालणार नाही म्हटलं आणि पुरुषही साठवर आले. सरकारी पेन्शनचं वय २०२० मध्ये सहासष्ट झालं, त्याच्याशी जुळवून ही मर्यादाही वर न्यावी असा प्रस्ताव २०२१ मध्ये आला होता. लोकांनी ओरड केली आणि दोन वर्षांनी तो गुंडाळला. सोळाच्या आतली मुलं आणि पूर्णवेळ शिकणारी अठरापर्यंतची मुलं यांनाही माफ. गरोदर बाई आणि मूल झाल्यावर वर्षभर आई, दोघींनाही माफ.

खरा गुंता आजारांच्या यादीत आहे. ही यादी १९६८ ची आहे आणि तिच्यात आजवर एकच मोठी भर पडली: २००९ मध्ये कर्करोग. मधुमेह यादीत आहे, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तरच. नुसत्या पथ्यावर साखर ताब्यात ठेवणाऱ्याला सवलत नाही. थायरॉइड कमी पडतं म्हणून कायम गोळी घेणाऱ्याला आहे, अपस्मारावर कायम औषध घेणाऱ्याला आहे. दमा नाही. रक्तदाब नाही. पार्किन्सन नाही. सिस्टिक फायब्रोसिस नाही, कारण १९६८ मध्ये त्या आजाराची मुलं मोठी होईपर्यंत फारशी जगतच नसत, त्यामुळे मोठ्यांच्या यादीत तो घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता ती मुलं जगतात, नोकरी करतात आणि दर महिन्याला औषधाचे पैसे भरतात. उलट थायरॉइडवाल्या माणसाला एकदा प्रमाणपत्र मिळालं की त्याला सगळीच औषधं फुकट, अगदी पायाच्या खाजेचं मलमसुद्धा. याला न्याय म्हणायचं का? माझ्या मते नाही. पण इंग्रजांचा स्वभाव असा की एकदा घातलेली वीट ते सहजी काढत नाहीत, तिच्याभोवती पुढची भिंत बांधतात.

आणि हे सारं फक्त इंग्लंडपुरतं. वेल्सनं २००७ मध्ये औषधांचे पैसे सरसकट रद्द केले, उत्तर आयर्लंडनं २०१० मध्ये, स्कॉटलंडनं २०११ मध्ये. तिथे चौकट नाही, सही नाही, न्यूकॅसलचं पाकीट नाही. एकाच राजाच्या राज्यात सीमेपलीकडच्या गावात तीच गोळी मोफत. इंग्लंडातसुद्धा दहापैकी जवळपास नऊ औषधं फुकटच जातात, कारण औषधं जास्त घेणारे लोक बहुतेक म्हातारे. म्हणजे उरलेल्या एका भागासाठी एवढी चौकटींची आणि दंडाची यंत्रणा उभी आहे. मग सगळंच फुकट का करत नाही, हा प्रश्न इथे दर निवडणुकीला निघतो आणि विरतो.

चौकटींमध्ये सर्वांत फसवी ती कमी उत्पन्नाची. इथे गरिबांना मिळणारी बहुतेक मदत 'युनिव्हर्सल क्रेडिट' या एका योजनेत एकत्र केली, २०१३ पासून हळूहळू. माणसाला वाटतं, सरकार मला मदत देतं म्हणजे औषधही फुकट. तसं नाही. गेल्या पूर्ण महिन्यात कमाई ४३५ पौंडांच्या आत असेल तरच, आणि मूल असेल किंवा आजारपणामुळे काम कमी होत असेल तर ९३५ च्या आत. तासावर काम करणाऱ्या बाईला एका महिन्यात जादा पाळ्या मिळाल्या की ती सवलतीतून बाहेर, पुढच्या महिन्यात पुन्हा आत. हे तिनं काउंटरवर उभं राहून, कडेवरच्या रडणाऱ्या पोराला सांभाळत, मनात मोजायचं. त्यावर कडी म्हणजे कित्येक वर्षं हिरव्या कागदावर या योजनेची चौकटच नव्हती. लोकांना सांगितलं जायचं की बेकारभत्त्याच्या जुन्या चौकटीत खूण करा. आधी चुकीच्या घरात खूण करायला सांगायचं आणि मग बरोबर सही केली का म्हणून तपासायचं.

याचे परिणाम २०१९ मध्ये कागदावर आले. इथलं नॅशनल ऑडिट ऑफिस म्हणजे आपल्या कॅगसारखं खातं. त्यानं औषधं आणि दातांच्या उपचारांवरच्या दंडांची तपासणी केली. २०१४ पासूनच्या पाचेक वर्षांत सुमारे छप्पन्न लाख नोटिसा काढल्या होत्या. त्यातल्या सतरा लाख, म्हणजे जवळपास तीस टक्के, नंतर मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या लोकांना खरोखरच सवलत होती. मागे घेतलेल्या नोटिसांची रक्कम १८ कोटी ८० लाख पौंड. कोण होते हे लोक? प्रमाणपत्राची पाच वर्षांची मुदत संपल्याचं विसरलेले मधुमेही. मूल पोटात आहे हे सगळ्या गावाला दिसतंय पण प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा राहिला अशा बायका. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं, ज्यांच्या वतीनं सांभाळणाऱ्यानं चुकीची खूण केली. दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं या शेवटच्या गटासाठी बरीच ओरड केली होती. संसदेच्या लोकलेखा समितीनंही खरमरीत ताशेरे ओढले: नियम गुंतागुंतीचे ठेवायचे आणि चुकला की आधी गुन्हेगार धरायचं, हे चालणार नाही. त्यानंतर थेट दंडाऐवजी आधी चौकशीचं पत्र पाठवायला सुरुवात झाली आणि दुकानातल्या संगणकावरच सवलत तपासता येईल अशी सोय वाढत गेली. संगणकानं हो म्हटलं तर सहीसुद्धा लागत नाही.

हे एकदा फोनवर उंद्रीला काकांना सांगत होतो. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव, कुणी उदयनगर म्हणतं, आम्ही उंद्रीच म्हणतो. काकांना साखर आणि बीपी दोन्ही.

"तिकडं तं सारं औषध-पानी फुकटच भेटते म्हणे?"

"साठीच्या वरच्यांना फुकट, काका. बाकीच्यांना पैसे पडतात. पडू नयेत असं वाटत असेल तर मागे सही करावी लागते."

"सही कायची?"

"मी सवलतीत बसतो म्हणून. खोटी निघाली तर पाचपट दंड."

काका हसले. "असा कायदा इकडं लावला तं अर्धं गाव दंडात जाईन."

काकांचा विनोद मला अर्धाच पटला. आपल्याकडे पिवळ्या कार्डाची कथा कुणाला माहीत नाही? वर्षाला पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असणाऱ्याचं ते कार्ड. दारात ट्रॅक्टर, वर स्लॅबचा मजला, आणि कपाटात पिवळं कार्ड, असं घर प्रत्येक गावात एखादं तरी सापडतं. पण त्याच गावात खरोखर गरीब असलेली विधवा दाखल्यासाठी तीन-तीन हेलपाटे घालते आणि चौथ्यांदा जातच नाही. दाखला आधी मागण्याची पद्धत लबाडाला अडवत नाही. तो दाखला मिळवतोच, ओळख असते, पैसे असतात. ती पद्धत अडवते ती बसभाड्याला महाग असलेल्याला.

औषधाच्या बाबतीत महाराष्ट्रानं त्यातून एक मोठी वाट काढली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार आणि औषधं सर्वांना मोफत. केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. त्या वेळी सरकारनं सांगितलं होतं की अशा २,४१८ संस्था आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांत, आपला बुलढाणा त्यात आला, पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती मिळायची. आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना देण्याचा निर्णय झाला आहे. म्हणजे वेल्स-स्कॉटलंडची वाट आपण कागदावर तरी धरली आहे. कागदावर म्हणतो, कारण 'औषध संपलंय, बाहेरून घ्या' ही चिठ्ठी अजून हातात पडते. फुकट औषधाचा हक्क आहे आणि फळीवर औषध नाही, अशा ठिकाणी रुग्णाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न येतच नाही. तिथे सरकारचाच प्रामाणिकपणा आधी तपासावा लागतो.

दाखल्याची अट जिथे उरली आहे ती धर्मादाय रुग्णालयांत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. तिथे खोट्या दाखल्यानं एक खाट अडली की दुसऱ्या खऱ्या गरिबाला ती मिळत नाही. इंग्लंडात खोटी सही करणाऱ्यामुळे दुसऱ्याचं औषध बंद होत नाही, तिजोरीतून थोडे पैसे जातात. आपल्याकडे खाटा मोजक्याच असतात, म्हणून तिथली खोटी सही इंग्लंडातल्या खोट्या सहीपेक्षा मोठं पाप आहे, असं मला वाटतं.

आणि आता लाडकी बहीण योजना. २०२४ च्या जूनअखेर शासन निर्णय निघाला, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिना दीड हजार. पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, हमीपत्र भरा. हिरव्या कागदाच्या मागची सही ती हीच. पैसे आधी गेले, निवडणूक झाली, आणि तपासणी नंतर सुरू झाली. २०२५ च्या जुलैमध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. कुणी एकाच वेळी दोन योजना घेत होतं, कुठे एका घरात तिसरी बाई, आणि काही ठिकाणी तर चक्क पुरुषांच्या नावानं अर्ज. पुरुषाला आपण बहीण नाही हे कळायला कुठलाही नियम वाचावा लागत नाही, त्याच्या बाबतीत कीव करायचं कारण नाही. पण बाकीच्यांत किती जणी खऱ्या हक्काच्या होत्या आणि यादीच्या घोळात बाहेर गेल्या? इंग्लंडचा तीस टक्क्यांचा आकडा इथे आठवायला हवा. विश्वासावर द्यायचं ठरवलं, तर तपासताना चूक आपली की समोरच्याची हे विचारायची सोयही ठेवायला लागते. अर्जाची भाषा वकिलाची आणि दंड भरायचा शेतमजुरानं, हे इंग्लंडात जमलं नाही, आपल्याकडेही जमणार नाही.

तरीही दोन पद्धतींतून एक निवडायची तर मी आधी विश्वास, मग तपासणी हीच निवडेन. दुखणं तहसीलदार जागेवर आहे का बघून येत नाही.

इथल्या लेस्टरमध्ये औषधाची दुकानं चालवणारे बरेच जण गुजराती आहेत, आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतले. त्यांच्याशी बोललं की वेगळाच मुद्दा निघतो. खोट्या सहीपेक्षा त्यांना चीड येते ती खऱ्या हक्काच्या उधळपट्टीची. साठीचे लोक दर महिन्याला यादीतली सगळी औषधं मागवतात, लागोत न लागोत. मग घर आवरताना पिशव्याच्या पिशव्या दुकानात परत येतात. एकदा घराबाहेर गेलेलं औषध दुसऱ्याला देता येत नाही, ते जाळायलाच जातं. २०१० च्या एका अभ्यासानं इंग्लंडात अशी वर्षाला सुमारे तीस कोटी पौंडांची औषधं वाया जातात असा हिशेब काढला होता. सुपरमार्केटात पौंडाच्या आत मिळणाऱ्या पॅरासिटामॉलसाठी लोक डॉक्टरची वेळ घ्यायचे, कारण चिठ्ठीवर ती फुकट. अखेर २०१८ मध्ये आरोग्यसेवेनं डॉक्टरांना सांगितलं की सर्दी-पडसं, किरकोळ डोकेदुखी अशा पस्तीस तक्रारींसाठी दुकानात मिळणारी औषधं एरवी लिहू नका. अशा मागण्यांवर दंड बसत नाही, पण पैसा जातोच. शेगावला महाप्रसादाच्या पंगतीत ताटात वाढून घेतलेलं टाकून उठणाऱ्याकडे शेजारचा जसा बघतो, तसं बघणारं इथे कुणी नाही.

आपल्या मराठी घरांबद्दल थोडं. इथे नोकरीसाठी येणारी बहुतेक माणसं व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरतात, मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, फेब्रुवारी २०२४ पासूनचा दर. चौघांच्या कुटुंबाचे तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरताना घाम फुटतो. त्यामुळे औषधाच्या दुकानात 'मी अधिभार भरलाय, मग पुन्हा पैसे कशाला' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अधिभार हा डॉक्टर आणि दवाखान्यासाठी. औषधाचे ९.९० पौंड त्यात धरलेले नाहीत, इथल्या नागरिकाप्रमाणे आपल्यालाही ते वेगळे पडतात. अधिभार भरलेल्यांसाठी हिरव्या कागदावर कुठलीही चौकट नाही. नसलेल्या चौकटीसाठी जवळची एखादी खूण करून टाकणं, ही इथल्या नव्या मंडळींची नेहमीची चूक.

आईवडील भेटीला येतात तेव्हा आणखी एक प्रश्न. ते डॉक्टरकडे नाव नोंदवू शकतात, आणि साठीच्या पुढचे असतील तर डॉक्टरनं लिहिलेलं औषध नियमानं फुकट मिळतं. यात लपवण्यासारखं काही नाही. पण सहा महिन्यांची बीपी-शुगरची औषधं इथूनच काढायची म्हणून मोकळ्या हातानं यायचं, हे मला पटत नाही. आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर पाहुण्यांना खर्चाच्या दीडपट बिल लागतं. प्रवासविमा आणि आपल्या डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या मूळ पाकिटांसह, सोबत असलीच पाहिजे.

ज्यांना दर महिन्याला औषध लागतं आणि सवलत नाही, त्यांनी आगाऊ प्रमाणपत्र घ्यावं. वर्षाचं ११४.५० पौंड, तीन महिन्यांचं ३२.०५. वर्षात बारा औषधं लागली तरी ते वसूल होतं, पुढची कितीही घ्या. दम्याच्या दोन पंपांवर जगणाऱ्या माणसाला याहून स्वस्त मार्ग नाही, आणि तो पूर्ण प्रामाणिक मार्ग आहे. गरोदर असाल तर मिडवाइफकडे पहिल्याच भेटीत प्रमाणपत्राचं बोला, पोट दिसतंय हा पुरावा न्यूकॅसलला पोचत नाही. मधुमेहाचं किंवा थायरॉइडचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरची शेवटची तारीख आजच बघा. आईवडिलांची औषधं तुम्ही आणत असाल तर त्यांच्या वतीनं करता ती खूण बरोबर आहे ना, हेही तुम्हीच बघायचं.

आणि शंका असेल तर त्या दिवशी पैसे भरा, पण भरतानाच दुकानदाराकडे एफपी ५७ ही पावती मागा. ती नंतर मिळत नाही. हक्क होता असं सिद्ध झालं, तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करून पूर्ण पैसे परत मिळतात.